दुसरा चष्मा

म्हातारेवाला टेबलाखाली आडवा पडून कंप्युटरच्या मागच्या वायरी सोडवत होता आणि काका त्याच्या हातांवर टॉर्च मारून उभे होते. टॉर्च वायरींवर धरला असता तर कामाला मदत झाली असती, पण काकांना वायरींत रस नव्हता.

"डावा हात कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"टेबलाचा पाय धरलाय काका. उठतोय."

"उठा. सावकाश उठा."

कॅबिनेट उजेडात आलं. त्याच्या मागच्या चारही स्क्रूंवर नखाएवढ्या कागदी चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर काकांची सही होती. काकांचा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. एवढ्याशा जागेत इतकी सुवाच्य सही करणारा माणूस म्हातारेवाल्यानं दुसरा पाहिला नव्हता. काकांनी भिंगातून एकेक चिठ्ठी तपासली. एकही फाटलेली नव्हती. चोरी झालेली नाही हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. काकांचा चेहरा उलट उतरला.

बाजारात त्याला सगळे म्हातारेवाला म्हणत, कारण ज्या कंप्युटरला बाकीची दुकानं 'आता टाकून द्या' म्हणत, तो शेवटी त्याच्याकडे येई. त्याचं स्वतःचं वय चाळिशीच्या आतलं. या बिल्डिंगमधले निम्मेअधिक जुने कंप्युटर त्याच्या हाताखालून गेले होते, आणि तेही काकांच्या शब्दावर. काका कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी एकदा 'पोरगा प्रामाणिक आहे' म्हटलं, की पुढे कोणी प्रश्न विचारत नसे. तोच शब्द आता उलटा फिरायला लागला होता.

सुरुवात महिन्यापूर्वी झाली. हृदयाच्या ऑपरेशननंतर काकांना डॉक्टरांनी मन शांत ठेवायला सांगितलं होतं. झोपेशी तर त्यांचं फार जुनं वाकडं होतं. कुणा मित्रानं त्यांना प्रकाश आणि आवाजाच्या ध्यानाचा एक सेट दिला. खोक्यात एक सीडी, दोन हेडफोन आणि आतून बारीक दिवे लावलेले दोन काळे चष्मे. डोळे मिटून चष्मा चढवायचा, कानात घुमणारा आवाज सुरू होतो, पापण्यांवर दिवे त्या तालात लुकलुकतात, आणि अर्ध्या तासात माणूस निवांत. असं खोक्यावर लिहिलेलं होतं. अडचण एवढीच, की चष्म्यांची वायर जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटमध्ये जाणारी होती आणि तसलं सॉकेट हल्लीच्या कंप्युटरला नसतं. म्हणून माळ्यावरचा कंप्युटर खाली आला आणि म्हातारेवाल्याला बोलावणं गेलं.

त्यानं अर्धा दिवस घालवून ते जमवलं. सीडीवर ओरखडे होते, मेमरी तोकडी होती, आतली बॅटरी मेलेली असल्यामुळे कंप्युटर रोज चालू झाला की तीच ती जुनी तारीख दाखवत होता. त्यानं नको ते सगळं काढलं, चष्म्यांतले दिवे लुकलुकवून दाखवले. काका इतके खूश झाले, की पुढचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. दोघांच्या नावाचे फॉर्म भरायचे ते मी भरतो म्हणाले, तू आता जा.

चार दिवसांनी फोन आला. प्रोग्रॅम उघडत नव्हता, एक फाइल सापडत नाही म्हणत होता. दिवे चालवणारी नेमकी तेवढीच फाइल गायब होती. जुनी डिस्क आहे, चालायचंच, असं म्हणून त्यानं ती परत टाकली. सहा दिवसांनी पुन्हा तेच. त्या दिवसापासून काका त्याला 'तुम्ही' म्हणायला लागले. आजची ही तिसरी खेप. मधल्या काळात, आतले भाग चोरीला जातायत या संशयानं, काकांनी स्क्रूंवर सह्या केल्या होत्या.

"आतलं काही बदललं तर मला कळतं," काका म्हणाले. "मेमरीच्या पट्टीचा फोटो काढून ठेवलाय मी."

"चांगलं केलंत," तो म्हणाला.

बदलणार काय होतं? त्या पट्टीला भंगारवाल्यानंही हात लावला नसता. पण तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी परवाच आपला कंप्युटर अर्धवट दुरुस्तीतून उचलून नेला होता. नेताना त्यांनी कॅबिनेट कानाशी धरून हलवून बघितलं. त्याला ते फार लागलं. पंधरा वर्षांच्या धंद्यात त्यानं कुणाचा एक स्क्रू खिशात घातला नव्हता, आणि आता दुकानाच्या दारात उभं राहून लोक आपली यंत्रं खुळखुळ्यासारखी वाजवून बघणार होते. हातात कला असलेल्या माणसाचं नाव गेलं की उरलं काय? नुसते हात.

तेव्हा चोर शोधणं त्याला भाग होतं. फाइल आपोआप जात नव्हती, याची त्याला आता खात्री होती. डिस्क मरते तेव्हा वाटेल ते खाते. निवडून एकच घास दर आठवड्याला खात नाही.

त्याचा पहिला संशय काकांच्या सुनेवर. ती वरच्या मजल्यावर राहायची, घरूनच कसलंसं ऑफिसचं काम करायची आणि सासऱ्यांच्या चष्म्याला मनापासून हसायची. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यानं आडून विचारून पाहिलं. ती हसली नाही, उलट आवाज खाली आणून म्हणाली, की मला तर वाटतं बाबा स्वतःच करतात. मुलगा परगावी, ऑपरेशननंतर कमिटीतही कोणी फारसं विचारत नाही, निदान तुम्ही तरी येऊन बसता ना तास दोन तास. एवढं बोलून ती गेली आणि म्हातारेवाल्याच्या डोक्यात नवीन किडा सोडून गेली. काका स्वतःच फाइल काढतात, स्वतःच बोंब मारतात आणि वर माझ्याच हातांवर टॉर्च धरतात? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतील काय? पण काका त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर खोटी नव्हती. त्या नजरेला तो खरोखरच चोर दिसत होता.

काकूंचा विचार त्याच्या मनातही आला नाही. काकू जन्मभर एका छापखान्यात प्रूफं वाचत होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी समोर आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्याच्या दुकानाच्या पावतीवरच्या दोन चुका त्यांनी पहिल्याच दिवशी पेन्सिलीनं सुधारून दिल्या होत्या. कंप्युटरच्या बाजूला मात्र त्या फिरकत नसत. काका म्हणत, हिला साधं चालू करता येत नाही. काकू त्यावर काही म्हणत नसत.

"सेट दोघांचा आहे," काका त्या तिसऱ्या खेपेलाही सांगत होते. "पहिल्या दिवशी मी एकट्यानं केलं. तेवढंच. आता करायचं तर जोडीनं. कधी हिचं काही निघतं, कधी माझा दवाखाना; आणि ज्या दिवशी चार वाजता दोघांनी बसायचं ठरतं, त्या दिवशी हे यंत्र साडेतीनला मरतं."

"मला कशाला ओढताय त्यात?" काकू चहा ठेवत म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बसा की."

"एकटा बसणार नाही," काका म्हणाले, आणि विषय संपला.

त्यानं फाइल परत टाकली. काकांनी नव्या चिठ्ठ्यांवर नव्या सह्या केल्या.

पाच दिवसांनी चौथा फोन आला तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं, की आज एकतर चोर सापडेल नाहीतर मी या घराची पायरी चढणार नाही. तो पोचला तर काका बाहेर निघाले होते. दवाखान्यात तपासणीची वेळ दिलेली, ती चुकवता येत नव्हती. त्यांना जावंसं वाटत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी काकूंना खुर्ची आणून कंप्युटरच्या खोलीत बसवलं.

"हिला यातलं काही कळत नाही," ते म्हातारेवाल्याला म्हणाले, "पण डोळे शाबूत आहेत."

काकू पेपर घेऊन बसल्या. जिन्यावरची पावलं खाली गेली. म्हातारेवाल्यानं या वेळी सीडीला हातच लावला नाही. आजवर तो फाइल जिथं असायला हवी तिथंच बघत आला होता. आज त्यानं सबंध डिस्कभर तिचा शोध सुरू केला. म्हातारं यंत्र घरघर करत आठ-दहा मिनिटं शोधत राहिलं. मग पडद्यावर चार ओळी उमटल्या.

फाइल गेलेलीच नव्हती. काकांच्या जुन्या नकाशांच्या फोल्डरमध्ये एका कोपऱ्यात 'काढलेले' नावाचं फोल्डर होतं, आणि त्यात चारही वेळच्या चारही फायली नीट ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या नावापुढे तारीख. कंप्युटरची मेलेली तारीख नव्हे, खरी. आणि तारखेपुढे वाराचं पहिलं अक्षर.

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. फाइल चोरणारा माणूस ती पुसून टाकतो. हा चोर ती जपून ठेवत होता, वर नोंद करत होता, आणि यंत्राच्या तारखेवर त्याचा भरवसा नव्हता. भिंतीवर कॅलेंडर होतं. सिलिंडर आलं, नळवाला येऊन गेला, काकांची गोळी बदलली, अशा बारीक अक्षरातल्या नोंदी चौकटीत मावल्या नाहीत म्हणून खालच्या समासात उतरल्या होत्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, आणि तारखेपुढे वाराचं पहिलं अक्षर.

त्यानं खुर्ची फिरवली.

"काकू, फाइल तुम्ही काढता."

काकूंनी पेपरची घडी घातली, दुसरी घडी घातली, आणि तो मांडीवर ठेवला.

"टाकली नाही," त्या म्हणाल्या. "ठेवली आहे."

छापखान्यात शेवटची दोन वर्षं पानं पडद्यावरच तपासायची होती, तेव्हा त्या हे सगळं शिकल्या होत्या. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बिलांचे आणि कमिटीचे सगळे फॉर्म त्यांच्या गळ्यात पडले असते. हे सांगताना त्या थोड्या हसल्याही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून सेटबरोबर आलेला कागद काढला. ह्यांनी तो न वाचताच खोक्यात परत टाकला होता, मी वाचला, असं म्हणून त्यांनी तो त्याच्या हातात दिला. सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. ज्यांना कधीही फिट आली असेल, त्यांनी या लुकलुकत्या प्रकाशापासून दूर राहावं.

म्हातारेवाल्यानं ती ओळ दोनदा वाचली. काकू सांगू लागल्या.

"लग्नाआधी यायच्या मला. आई म्हणाली, दोन वर्षांत आलेली नाही, आता कशाला वाच्यता? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच."

एकोणचाळीस वर्षं राहिलं होतं. लग्नानंतर तीनदा आली, तिन्ही वेळा काका घरात नव्हते, आणि चक्कर आली म्हणून निभावून नेता आलं. शेवटची येऊन एकतीस वर्षं झाली, स्वयंपाकघरात, मुलगा शाळेत गेलेला असताना. गोळ्या त्या अजून घेत, व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवत. काका झोपेवाचून तळमळतात, त्यांच्या औषधाच्या आड आपण येतोय, याची त्यांना लाज वाटत होती. पण चष्मा लावून बसायचं आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्या देखत व्हायचं ते झालं तर? आजारापेक्षा त्यांना त्याचीच धास्ती होती, की इतक्या वर्षांचं खोटं अशा रीतीनं जमिनीवर येऊन पडेल.

"कंप्युटर मेला म्हणून सांगता येईल का?" त्यांनी विचारलं.

"काकू, तो मेला तर मीच मारला म्हणतील. खाली मास्तर आपलं मशीन घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं गेले. पंधरा वर्षांत मी..." त्याला राग आला होता आणि समोर रागवायला कोणी नव्हतं.

त्याच्या हातातला कागद घेऊन काकूंनी तो परत खणात ठेवला.

"दिसतंय मला ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा त्यांना. मी नाही म्हणणार नाही. तुमचं नाव माझ्यापायी जायला नको."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. त्यांनी विनवलं असतं तर बरं झालं असतं. विनवणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. आता सगळं ओझं त्याच्या डोक्यावर आलं. एक वाक्य बोललं की त्याचं नाव संध्याकाळच्या आत सगळ्या मजल्यांवर धुऊन निघणार होतं, आणि त्या एका वाक्यात काकूंची एकोणचाळीस वर्षं जाणार होती.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं फाइल जागेवर ठेवली आणि प्रोग्रॅम उघडून पाहिला. दोन नावं आली, काकांचं आणि काकूंचं. चाचणी दर वेळी तो काकांच्याच नावानं करत आला होता. परक्या बाईमाणसाचा फॉर्म आपण कशाला उघडायचा? आज त्यानं उघडला. दुसऱ्या चष्म्याचे दिवे कमी करता येतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

दिवे कमी करायचा प्रश्नच नव्हता. काकूंच्या नावापुढे दिवे बंद होते, आणि नुसते बंद नव्हते, कुलूप घातलेले होते. नावाखाली आवाजाची तेवढी खूण होती. त्यानं फॉर्म वर सरकवला. कधी फिट आली आहे का? हो. शेवटची किती वर्षांपूर्वी? सव्वीस. फॉर्म कोणी भरला? पती. आणि तळाच्या शेऱ्याच्या चौकटीत काकांच्या नकाशावरच्या टिपांसारखी आखूड वाक्यं होती.

झोपेत आली होती. तिला माहीत नाही. सांगितलेलं नाही.

स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता. म्हातारेवाल्यानं तो आकडा पुन्हा पाहिला. काकू एकतीस म्हणाल्या होत्या. म्हणजे काकूंना तीन ठाऊक होत्या आणि काकांकडे एक अशी होती, जी काकूंनाही ठाऊक नव्हती. हा माणूस सव्वीस वर्षं ती घेऊन रात्रीचा जागा होता, आणि वर बिल्डिंगभर सांगत होता, की मला झोप येत नाही, नकाशे काढून काढून डोळ्यांची सवय मोडली. ज्यांनी त्याला चोर ठरवलं होतं त्या माणसाचा त्याला या क्षणी जराही राग येत नव्हता, आणि याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं फॉर्म बंद केला.

काका परत आले ते थेट कॅबिनेटपाशी. चिठ्ठ्या बघितल्या, मग त्याच्याकडे बघितलं.

"काय, सापडला का चोर?"

काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, कपांकडे बघत होत्या.

"चोर नाही काका," तो म्हणाला. "मशीन म्हातारं आहे. दोन चष्म्यांचं ओझं त्याला झेपत नाही, म्हणून दिव्यांची फाइल फेकत होतं. आता मी असं केलंय, की तुमचा चष्मा पूर्ण चालेल. काकूंच्या चष्म्यात दिवे लागणार नाहीत, त्यांना नुसता आवाज. यापुढे लागणारच नाहीत. यापेक्षा जास्त मला जमणार नाही."

काका त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या चष्म्याचे दिवे कोणी बंद केलेत हे या खोलीत ज्याला सगळ्यात आधीपासून ठाऊक होतं, तो माणूस हे खोटं ऐकत होता. भिंग त्यांच्या हातातच राहिलं होतं.

"म्हातारं आहे तर काय करणार?" ते शेवटी म्हणाले. "लाव मग."

चार वाजायला अवकाश होता, तरी दोघं बसले. काकूंनी चष्मा हातात घेऊन आधी आतून पाहिला, मग चढवला. काकांच्या चष्म्याच्या कडेनं तांबडा उजेड त्यांच्या गालावर पडायला लागला. दुसऱ्या चष्म्यात अंधार होता.

"अहो, माझे दिवे नाहीत हे चाललं तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"आवाज येतोय ना?"

"येतोय."

"मग डोळे मीट."

म्हातारेवाला पिशवी उचलून बाहेर पडला. तो खालच्या दाराशी पोचतो न पोचतो तोच मागून सावकाश पावलं आली. काका सेशन अर्धवट टाकून उतरले होते. पत्रं बघायला आलो, असं ते पेटीला म्हणाले. तिथं दुसरं कोणी नव्हतं.

"तिचा फॉर्म उघडलास?"

"उघडला."

"तिला?"

"नाही सांगितलं."

काकांनी रिकामी पेटी बंद केली. मग तिचं झाकण घट्ट बसलंय का ते दाबून बघितलं.

"मी विषय काढला असता तर तिला वाटलं असतं, हा माणूस जन्मभर माझ्यावर पहारा देत होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "लोक मला विचारणार. इतका गाजावाजा केला मी. काहीतरी सांगावं लागेल. तुला दुसरा चष्मा जमला नाही, असं सांगतो."

"सांगा," तो म्हणाला.

आणि त्यांनी तसं सांगितलं. चोर हा शब्द मागे घेतला, पण त्याच्या जागी 'अर्धवट' हा शब्द आला, आणि धंद्याला दोन्ही सारखेच. पोरगा प्रामाणिक आहे हो, पण हात आता पूर्वीचा राहिला नाही, असं बिल्डिंगमध्ये झालं. मास्तरांचं मशीन दुसऱ्या दुकानात गेलं ते परत आलं नाही. म्हातारेवाल्याच्या मागच्या फळीवर जिथं एकावर एक कॅबिनेटं रचलेली असत, तिथली भिंत दिसायला लागली. रात्री बायकोनं विचारलं तर मंदी आहे म्हणाला.

दोन आठवड्यांनी भर दुपारी दुकानातला फोन वाजला. काकू होत्या.

"हे झोपलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सेशन झालं की तासभर झोपतात हल्ली. म्हणून आता केला."

कंप्युटर ठीक चालतोय का, असं त्यानं विचारलं. चालतोय म्हणाल्या.

"एका स्क्रूसाठी आठवडाभर भांडणारा माणूस हा. अख्खा चष्मा गेला तरी एका शब्दानं बोलला नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. काल माझा फॉर्म उघडला मी."

म्हातारेवाल्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आधी वाटलं, आकडा चुकलाय. एकतीसच्या जागी सव्वीस. म्हटलं, एवढा नकाशे काढणारा माणूस आणि आकडा चुकवतो? मग खालचा शेरा वाचला."

तिकडून काकांच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

"दुरुस्त करता आलं असतं," काकू म्हणाल्या. "पण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तसंच ठेवून बंद केलं."

"काकांना कळलंय?"

"नाही. त्यांनी इतकी वर्षं सांभाळलंय, आता मी चार दिवस सांभाळते." मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. "पण तुमचं काय? खाली काय बोलतात ते ऐकते मी. मी मास्तरांकडे जाते. तुमचं काम चोख होतं, फाइल मी काढत होते, असं स्पष्ट सांगते. एवढं तर करायलाच हवं मला."

म्हातारेवाल्यानं मागच्या फळीकडे पाहिलं. तिथं एकच कॅबिनेट होतं, तेही कोणी परत न्यायला न आलेलं. काकू मास्तरांना सांगणार, मास्तर जिन्यात सांगणार, हिला कंप्युटर चालवता येतो हे काकांच्या कानावर जाणार, आणि संध्याकाळी चार वाजता काका चष्मा चढवून बसतील तेव्हा त्यांना ठाऊक असेल, की शेजारी बसलेलीनं सगळं वाचलंय.

"नको काकू," तो म्हणाला. "दुसरा चष्मा मला जमला नाही. तेच राहू दे."